लायब्ररी चांगली चाललीये की नाही, हे ठरवायचं कोणी?

२०१६ सालची गोष्ट. अमेरिकेत फ्लोरिडातल्या एका छोट्याशा पब्लिक लायब्ररीत चक फिन्ली नावाच्या मेंबरने साधारण नऊ महिन्यांत २,३६१ पुस्तकं नेली. म्हणजे रोजची आठ-नऊ, तीही सुट्टीचे दिवस धरून. असा वाचक मिळाला तर कुठलाही ग्रंथपाल त्याला खुर्ची पुसून देईल, अडचण एवढीच होती की चक फिन्ली नावाचा माणूसच नव्हता. तिथल्या कर्मचाऱ्यांनीच तो कॉम्प्युटरमध्ये जन्माला घातला होता, पत्त्या-बित्त्यासकट. का, तर बरेच दिवस कोणी न नेलेलं पुस्तक बाद करायच्या यादीत जायचं, आणि यांचं म्हणणं असं की आज बाद केलेलं पुस्तक उद्या कोणीतरी मागतंच, मग तेच परत विकत घ्यायला लागतं. म्हणून खोटा वाचक. पुढे चौकशी झाली, बातम्या झाल्या, लोक पोट धरून हसले.

मीही हसलो, पण नंतर विचार करायला लागलो तर त्यात बरंच काही सापडलं. एक आकडा होता, पुस्तक किती वेळा गेलं. निर्णय त्या आकड्यावर. कर्मचाऱ्यांना त्या आकड्यात न मावणारं काहीतरी माहीत होतं, पण ते सांगायला जागा नव्हती. आणि या सगळ्या भानगडीत खरा वाचक कुठेच नाहीये, होता तो फक्त खोटा.

हल्ली लायब्ररीला पैसे देणारा कोणीही आधी विचारतो की परफॉर्मन्स दाखवा, आणि मग 'लोकसहभागातून मूल्यमापन' असला काहीतरी जडजंबाल शब्द कागदावर येतो, मीटिंग होते, फॉर्म वाटले जातात आणि आपल्यासारख्या माणसाला कळत नाही की आपल्याला नेमकं काय विचारतायत आणि आपण सांगून काय होणारे. तेवढंच सोडवून बघू.

## मुळात मोजायचं काय

मूल्यमापन म्हणजे लायब्ररी ज्या कामासाठी आहे ते काम होतंय का हे तपासणं, बस. गोची 'काम' या शब्दात आहे.

जिमचं उदाहरण घ्या. जिममध्ये मशीन किती, ट्रेनर किती, ही झाली साधनं. रोज किती लोक येतात हा झाला वापर. आणि जिना चढताना कोणाचा दम लागायचा थांबला, हा झाला परिणाम. लायब्ररीत पुस्तकं, जागा, कर्मचारी, बजेट ही साधनं, इश्यू झालेली पुस्तकं आणि आत आलेली माणसं हा वापर, आणि एखाद्या पोरीला तिथल्या टेबलावर बसून परीक्षा काढता आली, एखाद्या आजोबांना मोबाइलवरून फॉर्म भरता यायला लागला, नवीन गावात आलेल्या बाईला दोन ओळखी झाल्या, हा परिणाम.

साधनं मोजणं सोपं, वापर मोजणं त्याहून थोडं अवघड, आणि परिणाम मोजताना सगळ्यांची दांडी उडते. हे मी म्हणत नाही, स्टँडर्ड बनवणाऱ्यांचा इतिहास बघा. लायब्ररीची कामगिरी कुठल्या निर्देशांकांनी मोजायची याचं आयएसओ ११६२० हे आंतरराष्ट्रीय स्टँडर्ड १९९८ मध्ये आलं, आणि लायब्ररीचा लोकांवर झालेला परिणाम कसा मोजायचा याचं आयएसओ १६४३९ आलं २०१४ मध्ये. मधे सोळा वर्षं गेली.

आता माझा मुद्दा इथेच सांगून टाकतो. साधनं आणि वापर लायब्ररी स्वतःच्या स्वतः मोजू शकते, रजिस्टर आणि कॉम्प्युटर आहेच. परिणाम मात्र लोकांच्या घरी, लोकांच्या आयुष्यात होतो, तो काउंटरवरून दिसत नाही. तो बघायचा तर लोकांना विचारण्यावाचून गत्यंतर नाही. लोकसहभाग ही काही सौजन्याची बाब नाहीये, त्याशिवाय मोजमापच अर्धवट राहतं.

## रजिस्टरला न दिसणारा वाचक

तुम्ही लायब्ररीत ही पाटी वाचली असेल, 'वाचून झालेली पुस्तके टेबलावरच ठेवावीत, कपाटात परत ठेवू नयेत.' मला लहानपणी वाटायचं आपल्यावर विश्वास नाही म्हणून लिहिलंय. थोडं खरंही आहे, चुकीच्या जागी ठेवलेलं पुस्तक हरवल्यातच जमा. पण दुसरं कारण फार कमी लोकांना माहीत असतं. संध्याकाळी टेबलावरची पुस्तकं उचलायच्या आधी ती मोजता येतात, म्हणजे घरी न नेता तिथेच बसून काय वाचलं गेलं हे कळतं. डिक्शनरी, नकाशे, स्पर्धा परीक्षांची जाडजूड पुस्तकं, ही कधी इश्यू होतच नाहीत पण पानं फाटेस्तोवर वापरली जातात. फक्त इश्यूचा आकडा बघणाऱ्याला ती मेलेली दिसणार.

दुसरा न दिसणारा म्हणजे रिकाम्या हाताने परत गेलेला. पुस्तक मिळालं की नोंद होते, न मिळण्याची नोंद कुठेच होत नाही. आणि तिसरा, जो कधी आत आलाच नाही.

याचा अर्थ इश्यूचा आकडा बिनकामाचा असं नाही हां. १९६९ मध्ये रिचर्ड ट्रूस्वेल यांनी दाखवलं की लायब्ररीतल्या साधारण २० टक्के पुस्तकांवर ८० टक्के देवघेव चालते. पिट्सबर्ग विद्यापीठाचा १९७९ चा अभ्यास तर जास्तच बोचरा होता, एका वर्षात घेतलेल्या पुस्तकांपैकी जवळपास ४० टक्के पुस्तकं पहिल्या सहा वर्षांत एकदाही बाहेर गेली नव्हती. ती विद्यापीठाची लायब्ररी होती, सार्वजनिक लायब्ररीला तो आकडा जसाच्या तसा लावू नये, पण पुस्तक घेताना कोणाला विचारून घेतलं हा प्रश्न दोन्हीकडे तोच.

आणि एकाच आकड्यावर सगळं ठरायला लागलं की माणसं काम सोडून आकडाच सांभाळायला लागतात. चार्ल्स गुडहार्ट नावाच्या अर्थतज्ज्ञाने १९७५ मध्ये पैशाच्या धोरणाबद्दल हे म्हटलं होतं, चक फिन्लीने ते लायब्ररीत सिद्ध केलं.

## पुस्तक आहे, पण मिळत नाही

हा भाग मला सगळ्यात जास्त आवडतो, जरा गणित आहे, पण पाचवीतलं.

एक वाचक पुस्तक शोधायला येतो. पुस्तक हातात पडायला चार दारं उघडी लागतात. एक, लायब्ररीने ते घेतलेलं असलं पाहिजे. दोन, ते दुसऱ्या कोणी नेलेलं नसलं पाहिजे. तीन, ते कपाटात आपल्या जागेवर असलं पाहिजे. चार, वाचकाला ती जागा सापडली पाहिजे. आता समजा तुमची लायब्ररी चांगली आहे, पहिलं दार १०० पैकी ९० वेळा उघडं, दुसरं ८० वेळा, तिसरं ९० आणि चौथं ९०. ऐकायला मस्त वाटतं ना, सगळीकडे डिस्टिंक्शन. पण हे गुणाकाराने चालतं, ०.९ गुणिले ०.८ गुणिले ०.९ गुणिले ०.९, उत्तर ०.५८. म्हणजे शंभरातले ४२ लोक हात हलवत परत. पॉल कँटर यांनी १९७० च्या दशकात ही रीत मांडली आणि तिचा खरा फायदा असा की दोष कुठल्या दारात आहे ते वेगळं काढता येतं.

कारण प्रत्येक दाराचा इलाज वेगळा. पहिलं दार बंद असेल तर खरेदी बदला. दुसरं असेल तर एकाच पुस्तकाच्या जास्त प्रती घ्या किंवा मुदत कमी करा. तिसरं असेल तर पुस्तकं जागेवर लावायला माणूस आणि वेळ द्या. चौथं असेल तर पाट्या, लेबलं, कॅटलॉग सुधारा, यात नवीन पुस्तकाचा एक पैसा लागत नाही. बहुतेक कमिट्या हे न बघता सरळ नवीन पुस्तकं घेतात, कारण खरेदीचा फोटो छापता येतो.

आणि चौथं दार तर फक्त वाचकच दाखवू शकतो. ग्रंथपालाला रोजच्या सवयीने डोळे मिटून पुस्तक सापडतं, त्याला कळणारच नाही की 'सामाजिक शास्त्रे ३००' या पाटीने नवीन माणूस किती गांगरतो. एक करून बघा, लायब्ररीत कधीच न आलेल्या कोणाला तरी एक पुस्तकाचं नाव द्या आणि शोधायला सांगा, तुम्ही मागे गप्प उभे राहा. मदत करायची नाही, हेच अवघड असतं. पाच माणसांत कळून जातं कुठे अडतंय ते.

## मग काय, फॉर्म छापून काउंटरवर ठेवू!

हे सगळे करतात, मीही केलंय. काही वर्षांपूर्वी एका लायब्ररीत मदतीला जायचो, तिथे आम्ही पुठ्ठ्याचा डबा करून काउंटरवर ठेवला, फॉर्म आणि दोरी बांधलेलं पेन. महिनाभराने डबा उघडला तर जवळजवळ सगळे खूश. 'सेवा उत्तम', 'कर्मचारी नम्र', 'अशीच प्रगती होवो'. कमिटी हरखली. मग कोणाच्या तरी लक्षात आलं की फॉर्म भरणारे कोण होते, जे गेली वीस वर्षं रोज येतायत ते, आणि भरलेले कुठे, ज्यांच्याबद्दल लिहायचं त्यांच्या समोर उभं राहून.

नंतर आम्ही तीन दिवस वही घेऊन दारातच बसलो. आमची लायब्ररी पहिल्या मजल्यावर होती, खाली अरुंद जिना. दुसऱ्या दिवशी दुपारी एक आजी आल्या, काठी टेकत, पहिल्या पायरीवर उभ्या राहिल्या, वर बघितलं, कठड्याला हात लावला, परत वर बघितलं आणि वळून निघून गेल्या. सगळं मिळून अर्धा मिनिट. डब्यातल्या एकाही फॉर्मवर जिन्याचा उल्लेख नव्हता, असणार कसा, डबा जिन्याच्या वर होता!

तर विचारायचं कोणाला हा पहिला प्रश्न. रक्त तपासायला सगळं रक्त काढत नाहीत, थोडंसं पुरतं, कारण ते अंगभर सारखं फिरलेलं असतं. लोक तसे मिसळलेले नसतात, म्हणून निवड मुद्दाम चिठ्ठ्या टाकल्यासारखी करायला लागते, याला नमुना म्हणतात. परिसरातून खरोखर चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या ४०० लोकांनी उत्तरं दिली तर अंदाज साधारण ५ टक्के इकडे-तिकडे एवढा पक्का येतो, म्हणजे ६० टक्के लोक म्हणाले की वेळ सोयीची नाही तर खरा आकडा बहुधा ५५ ते ६५ मध्ये. मजा म्हणजे वस्ती पन्नास हजार असो की पन्नास लाख, ४०० चं उत्तर जवळपास तेवढंच पक्कं असतं. उलट काउंटरवर आपणहून भरलेले ४,००० फॉर्म त्यापुढे फिके, कारण ते सगळे एकाच जातकुळीचे.

दुसरा प्रश्न, विचारायचं काय. 'आपण समाधानी आहात का' हा प्रश्न म्हणजे पाहुण्याला 'प्रवास कसा झाला' विचारण्यासारखा, उत्तर ठरलेलं. त्यापेक्षा विचारा, शेवटचं कधी रिकाम्या हाताने परत गेलात? काय शोधत होतात? मग ते कुठून मिळवलं? घडलेली गोष्ट विचारली की माणूस घडलेलंच सांगतो.

लिबक्वाल नावाची एक पद्धत आहे, २००० च्या सुमारास अमेरिकेत सुरू झाली, मुख्यतः विद्यापीठांसाठी, पण तिची युक्ती कुठेही चालते. प्रत्येक गोष्टीला १ ते ९ मध्ये तीन मार्क मागायचे, कमीत कमी किती चालेल, खरं किती पाहिजे, आणि आत्ता किती मिळतंय. समजा शांततेला लोकांनी ६ दिले आणि वाय-फायलाही ६ दिले. नुसतं बघितलं तर सारखंच. पण शांतता ४ सुद्धा चालली असती आणि वाय-फाय ७ च्या खाली चालतच नाही असं कळलं, तर आधी हात कुठे घालायचा ते आपोआप ठरलं.

## जे येतच नाहीत त्यांना कुठे गाठायचं

जिथे ते आहेत तिथे. ऐकायला एवढं साधं आहे की कोणी करत नाही.

लंडनच्या टॉवर हॅम्लेट्स भागात १९९० च्या दशकाच्या शेवटी स्थानिक प्रशासनाने रहिवाशांना विचारलं, न येणाऱ्यांनासुद्धा. बहुतेकांना लायब्ररी नको होती असं अजिबात नाही. त्यांचं म्हणणं, ती आमच्या जायच्या-यायच्या वाटेवर नाही, आम्ही मोकळे असतो तेव्हा बंद असते. खरेदीला जातो तिथेच असेल आणि उशिरापर्यंत उघडी असेल तर येऊ. मग बाजारपेठेला लागून, काचेच्या दर्शनी भिंतीच्या, रविवारीही उघड्या अशा नव्या जागा आल्या, त्यांना नाव दिलं आयडिया स्टोअर. पहिलं २००२ मध्ये बो इथे, व्हाइटचॅपलचं २००५ मध्ये. नावावरून तेव्हा बरीच नाकं मुरडली गेली, जुन्या शाखा बंद झाल्याचंही काहींना लागलं. ते लागणं मला समजतं. पण पुस्तकं बदलण्याआधी वेळ आणि जागा बदलायला पाहिजे, हे कुठल्याही इश्यू रजिस्टरमधून निघालं नसतं.

कॅनडात व्हँकुव्हर, रेजायना, टोरांटो आणि हॅलिफॅक्स इथल्या लायब्रऱ्यांनी २००४ ते २००८ एक प्रकल्प चालवला. ग्रंथपालांना काउंटरवरून उठवून निवारागृहं, वस्तीतली केंद्रं अशा ठिकाणी पाठवलं, आणि तिथे जाऊन लगेच फॉर्म काढायचा नाही, आधी नुसतं जाऊन बसायचं, ओळख होऊ द्यायची, असं ठरवलं. तिथे बसल्यावर जे वर आलं ते सर्व्हेत लिहायला लोकांना लाज वाटते, की जुना दंड थकलाय म्हणून येत नाही, की आत गेलं की सगळे बघतात, ही जागा आपली नाही असं वाटतं.

दंडावरून आठवलं. सॅन फ्रान्सिस्कोच्या पब्लिक लायब्ररीने २०१९ मध्ये आपलाच दंड तपासला. उशीर करण्याचं प्रमाण श्रीमंत भागात आणि गरीब भागात साधारण सारखंच निघालं, सगळेच विसरतात. पण दंड थकल्यामुळे कार्ड बंद पडलेल्यांचं प्रमाण कमी उत्पन्नाच्या भागात चांगल्या उत्पन्नाच्या भागाच्या तिपटीहून जास्त. नियम सगळ्यांना एकच होता, फक्त काहींना तो भरून टाकता येत होता आणि काहींनी लायब्ररीच सोडली. त्याच वर्षी त्यांनी उशिराचा दंड काढून टाकला, शिकागोनेही काढला. आता पुस्तकं कोणी परत करणारच नाही अशी सगळ्यांना धास्ती असते, शिकागोत उलट वर्षानुवर्षं अडकलेली पुस्तकं परत यायला लागली. हरवलेल्या पुस्तकाची किंमत मात्र भरावी लागतेच, ते काही फुकट झालं नाही.

## "लोकांना त्यातलं काय कळतं?"

हा आक्षेप कमिटीतल्या कोणाकडून तरी येतोच, आणि तो अगदीच टाकाऊ नाही. लोकांना विचारलं तर सगळे तेच खपाऊ चार लेखक मागतील, असं म्हणतात.

दुखतंय कुठे हे पेशंट सांगतो, औषध डॉक्टर लिहितो. पेशंटने औषध लिहू नये तसं डॉक्टरनेही न विचारता पोट दाबत सुटू नये. भारतातले ग्रंथालयशास्त्राचे जाणकार एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयाचे जे पाच नियम मांडले त्यातला दुसरा म्हणजे प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक, आणि तिसरा म्हणजे प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक. यात 'प्रत्येक' आहे, 'बहुसंख्य' नाही. त्यामुळे सगळंच मतदानाला टाकलं तर ब्रेलची पुस्तकं, लहानशा भाषेतली पुस्तकं पहिल्या फेरीत बाद होतील, कारण त्यांचे वाचक मोजके. अशा गोष्टी मताला टाकायच्याच नाहीत, हे आधीच जाहीर करायचं. कुठे मत चालेल आणि कुठे नाही, हे ठरवणं हेच तर जाणकाराचं काम.

पुस्तकं बाद करण्याच्या बाबतीत तर हे फार जपून करावं लागतं. लायब्ररी म्हणजे कपड्यांचं कपाट आहे, जुने काढले नाहीत तर नवे चुरगळतात, आणि गच्च भरलेल्या कपाटात चांगलं असलेलंही दिसत नाही. यासाठी १९७६ पासून अमेरिकेत एक पद्धत प्रचलित आहे, तिच्यात नुसतं 'कोणी नेलं नाही' एवढ्यावर थांबत नाहीत. माहिती चुकीची झालीये का, पुस्तक फाटलंय का, नवी आवृत्ती आलीये का, दुसरीकडून सहज मिळतं का, हे सगळं बघतात. पण हेच गुपचूप केलं तर बोंब होते, २०१२ मध्ये मँचेस्टरच्या सेंट्रल लायब्ररीतून पुस्तकं निघाली तेव्हा लेखक-कवींनी जाहीर पत्र लिहून विरोध केला होता. त्यापेक्षा साधा उपाय म्हणजे बाद करायची पुस्तकं महिनाभर दाराशी एका रॅकवर ठेवायची, 'ही चाललीयेत, कोणाला हवीयेत का, कारण सांगा.' कोणी कारण लिहिलं की ते पुस्तक राहिलं. चक फिन्लीची गरजच उरत नाही.

फिनलंडची राजधानी हेलसिंकीने ओदी (Oodi) नावाची नवीन मध्यवर्ती लायब्ररी डिसेंबर २०१८ मध्ये उघडली, त्याआधी काही वर्षं 'स्वप्नांचं झाड' करून लोकांकडून कल्पना गोळा केल्या, नावही लोकांच्याच सूचनांतून घेतलं. पुस्तकं वरच्या मजल्यावर, मधल्या मजल्यावर शिलाई मशीन आणि थ्रीडी प्रिंटर. इमारत मात्र आर्किटेक्टनेच काढली, लोकांनी खांब कुठे घ्यायचा ते सांगितलं नाही.

## "म्हणजे फुकटात माणसं राबवायची, असंच ना?"

ही शंका खरी आहे आणि मी तिच्याच बाजूने आहे. इंग्लंडमध्ये २०१० नंतर बजेट कापलं गेलं तेव्हा शेकडो लायब्रऱ्या एक तर बंद झाल्या नाहीतर स्वयंसेवकांच्या हवाली झाल्या, आणि त्यालाही लोकसहभाग हेच गोंडस नाव. ठरवायचा हक्क न देता नुसती झाडू हातात दिली तर तो सहभाग नाही. स्वयंसेवक गोष्टी सांगेल, दारात बसून नोंदी करेल, घरपोच पुस्तकं नेऊन देईल, छान. पण वर्गीकरण, कोणी काय वाचलं याची गुप्तता, रोज ठरल्या वेळी कुलूप उघडणं, याला पगारी शिकलेला माणूस लागतो. स्वयंसेवक आजारी पडला की लायब्ररी आजारी, असं चालत नाही.

## छोट्या लायब्ररीने एवढं करायचं कसं

सगळं करायचंच नाही. एक आठवडा निवडा, परीक्षा-सुट्ट्या नसलेला, म्हणजे नेहमीसारखा. त्या आठवड्यात तीन गोष्टी. टेबलावरची पुस्तकं रोज मोजा. येणाऱ्याला हातात बोटभर चिठ्ठी द्या, 'आज काय शोधायला आलात? मिळालं का?', जाताना परत घ्या. आणि दर तासाला एक चक्कर मारून कुठे किती माणसं काय करतायत ते लिहा, वाचतायत, झोपलेत, मोबाइल चार्ज करतायत, जे असेल ते, नावं न लिहिता. त्यानंतरच्या आठवड्यात बाहेर पडा आणि कधीच न येणाऱ्या वीस जणांशी दहा-दहा मिनिटं बोला. वीस म्हणजे काही नमुना नाही, टक्केवारी काढत बसू नका, पण कारणं कळतात, आणि साधारण बाराव्या-पंधराव्या माणसापासून तीच कारणं परत यायला लागतात.

मग मेंबर, न येणारे, कर्मचारी अशा दहा-बारा जणांना बसवा आणि फक्त तीन दुरुस्त्या निवडा. एक या महिन्यात होणारी, एक वर्षात होणारी, एक पैसे मिळाले तर होणारी. वर्षाने तोच आठवडा, तेच मोजमाप, तीच चिठ्ठी. प्रश्न बदलले की तुलना गेली.

## विचारलं, मग पुढे?

शेरी अर्नस्टाइन यांनी १९६९ मध्ये सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. सगळ्यात खाली नुसती दिशाभूल, मधे कुठेतरी 'विचारून घेतलं', आणि वर खरा अधिकार. बहुतेक सर्व्हे त्या मधल्या पायरीवर बसून राहतात, आणि तिथे एक गोष्ट घडते की लोक पुढच्या वेळी उत्तरच देत नाहीत. त्यांना आळस नसतो, गेल्या वेळच्या उत्तराचं काय झालं ते त्यांना कळलेलं नसतं.

त्यावर एक साधा बोर्ड पुरतो. तीन रकाने, तुम्ही काय म्हणालात, आम्ही काय केलं, काय नाही केलं आणि का. तिसरा रकाना लिहायला सगळ्यांचा हात जड होतो आणि लोक वाचतात मात्र तोच. आमच्या त्या पहिल्या मजल्यावरच्या लायब्ररीत बोर्ड शेवटी खाली जिन्याशेजारी लावला. तिसऱ्या रकान्यात होतं, 'लिफ्ट: यंदा पैसे नाहीत. तोवर खाली एक कपाट आणत आहोत. ज्यांना जिना चढता येत नाही त्यांनी बेल वाजवावी, यादी घ्यायला आम्ही खाली येऊ.' चार दिवसांनी त्याच्याखाली कोणीतरी पेनाने लिहिलं, 'कपाट कधी?' आणि दुसऱ्या दिवशी त्याखाली ग्रंथपालबाईंच्या अक्षरात तारीख.